हाताला चटके

आखाजी (अक्षय्य तृतीया), रात्र

मायच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक काळपट डाग आहेत. इतकी वर्षं माहेरी येते, पण ते नीट पाहिले आज दुपारी.

मांडे चालले होते. चुलीवर खापर पालथं घातलेलं. पुरण भरलेला सैल उंडा माय दोन्ही हातांवर झेलत झेलत लांबवते. मांडा पार कोपरापर्यंत पसरला की अलगद खापरावर टाकते. टाकताना, काढताना कुठेतरी खापर लागतंच. मी मलम आणलं तर म्हणाली, "राहू दे वं, दरसालचंच हाये ते." आणि पहिला मांडा, आमरसाची वाटी माझ्यापुढे सरकवली. स्वतः जेवली तेव्हा चार वाजून गेले होते.

तेव्हापासून बहिणाबाई डोक्यात आहेत. आईवरच्या कविता शाळेत आम्ही पुष्कळ पाठ केल्या. माधव ज्यूलियनांची 'प्रेमस्वरूप आई', यशवंतांची 'आई म्हणोनि कोणी'. दोन्ही म्हणताना आजही गळा दाटतो. पण त्या लेकरांच्या हाका आहेत, आई नाहीशी झाल्यावर मारलेल्या. त्यांत आई वात्सल्याचा सिंधू होते, देव होते. तिचे हात भाजले का, हे कुणी विचारत नाही.

बहिणाबाई चौधरी आईच्या जागेवरून बोलतात. जन्म १८८० चा, इथल्याच, जळगावजवळच्या आसोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या, तिशीत वैधव्य आलं, पदरात तीन मुलं. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून उरल्या. बाई गेल्या १९५१ साली आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. हे आठवलं की दर वेळी जीव हळहळतो.

त्यांच्या कवितेतली सुगरण पिलासाठी झाडाला झोका टांगते. खरं तर सुगरणीचा खोपा नर विणतो. हे मी मायला मागे एकदा सांगितलं होतं, तेव्हा तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "विनू दे त्याले. पिलाच्या चोचीत चारा तं तीच घालते ना?" मला वाटतं बहिणाबाईंनीही हेच उत्तर दिलं असतं. त्यांनी पाहिला तो खोप्यात गुंतलेला जीव.

संध्याकाळी पोरीबाळी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या. दोर मायनेच सकाळी बांधून घेतला होता, मी येणार म्हणून. मी दोन मुलांची आई आहे, तरी तिने मला झोक्यावर बसवलं आणि मागून लोटत राहिली. त्याच भाजलेल्या हातांनी.

निःस्वार्थ हा शब्द मला आता पुरत नाही. तो म्हटला की आईला काही दुखत नाही, काही हवंही नसतं, असं वाटायला लागतं. बहिणाबाईंच्या एकाच ओळीत भाकरीही आहे आणि चटकाही.

रात्री ओट्यावर मायला तीच ओळ म्हणून दाखवली. "आधी हाताला चटके, तेव्हा मिळते भाकर."

डोळे मिटूनच ऐकत होती. म्हणाली, "मिळते नही वं. मियते."


मी पुन्हा म्हटली. मियते भाकर.