जीबीएस: दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे महिने

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गिया-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकामागोमाग सापडले आणि हा एरवी दुर्मिळ आजार घरोघरी बोलला जाऊ लागला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जंतू मिळाला. या जंतूच्या आवरणातला काही भाग आपल्या मज्जातंतूंवरच्या घटकांसारखाच असतो. त्यामुळे जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मज्जातंतूंवरच हल्ला करतात. पावलांना मुंग्या येतात, मग अशक्तपणा वरवर चढत जातो. तो चार आठवड्यांच्या आत कळसाला पोचतो.

दवाखान्यातले उपचार ठरलेले आहेत: वजनाच्या दर किलोमागे ०.४ ग्रॅम आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) रोज, पाच दिवस. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम. नाहीतर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं. दोन्ही एकापाठोपाठ देऊन जास्त फायदा होत नाही, आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी काहीच साधत नाही. उपचाराने हल्ला थांबतो. झालेली मोडतोड मात्र शरीरालाच दुरुस्त करावी लागते, आणि ती घरी होते. त्याबद्दल फार कमी सांगितलं जातं, म्हणून हे सविस्तर.

वेळ किती लागेल, हे काय बिघडलंय त्यावर ठरतं. नुसतं मज्जातंतूवरचं मायलिनचं वेष्टण गेलं असेल, तर ते काही आठवडे-महिन्यांत परत चढतं. आतली तारच तुटली असेल, तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. गुडघ्यापासून पावलापर्यंत ४० सेंटिमीटर धरले तरी वर्षाहून जास्त झालं. म्हणून मांडीत जोर येतो आणि पाऊल मात्र लोंबतच राहतं. तो आळस नसतो. घरच्यांनी हे आधी समजून घ्यावं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्यायाम दामटणं. मोजक्याच तंतूंवर जगणाऱ्या स्नायूवर ताण टाकला, तर तो आणखी दुबळा पडतो. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, मध्ये पुरेशी विश्रांती. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी: अंग कालच्यापेक्षा जड वाटलं, पाय जास्त लटपटले, तर व्यायाम निम्मा करा. टाचेमागची शीर आखडू देऊ नका. पाय लांब करून बसा, चवड्याला पंचा अडकवून तीस सेकंद आपल्याकडे ओढा, असं चार-पाच वेळा. आखडलेली टाच नंतर सरळ करणं फार जिकिरीचं होतं.

पाऊल लोंबत असेल तर ते उंबऱ्याला अडकतं. घोट्याला आणि पावलाला आधार देणारा एएफओ पट्टा फिजिओथेरपिस्टकडून मापाने करून घ्या. साध्या चपला पायातून निसटतात आणि निसटल्याचं कळतही नाही, म्हणून मागे पट्टा असलेल्या सँडलच घाला. जिना चढताना बळकट पाय आधी, उतरताना दुबळा आधी.

न्हाणीघर सगळ्यात धोक्याचं. तळव्यांना जमीन नीट जाणवत नसेल, तर माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो. तोंडाला साबण लावताना डोळे मिटले की तोल गेलाच. म्हणून आंघोळ स्टुलावर बसूनच. बादलीतलं पाणी रुग्णाने हाताने पाहू नये, दुसऱ्या कुणीतरी पाहावं. बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि फोड मात्र येतो. रात्री वाटेत बारीक दिवा हवाच. भारतीय पद्धतीच्या संडासावरून उठणं बराच काळ जमत नाही, तेव्हा कमोडची खुर्ची आणा, त्यात लाज काही नाही.

चेहरा ओढला गेला असेल, डोळा पुरता मिटत नसेल, तर दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर टेप. नाहीतर बुबुळाला इजा होते. जळजळ, रात्री वाढणाऱ्या पायांच्या कळा यांवर साधी वेदनाशामकं फारशी चालत नाहीत. मज्जातंतूंच्या दुखण्याची वेगळी औषधं डॉक्टरांकडून मागून घ्या. आणि थकवा: ताकद परतल्यावरही तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतो. कामावर जाताना सुरुवात अर्ध्या दिवसाने करा.

पहिल्या आठ आठवड्यांत सुधारत असलेले हातपाय पुन्हा गळले, तर वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टकडे जा. काहींना आयव्हीआयजी पुन्हा लागतं. एका श्वासात वीसपर्यंत आकडे म्हणता येत नसतील, गिळताना ठसका लागत असेल, तर थेट आयसीयू असलेला दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.