तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूवर रिसर्च करायचाय, डिग्री कुठली घेऊ?

गणपतीला कोल्हापूरला आले की हा प्रश्न ठरलेला. पोरांपेक्षा त्यांच्या आयाच जास्त विचारतात, ताई, मेंदूवर रिसर्च करायचा तर एमबीबीएसच करायला लागतंय काय? नाही ओ. पेशंट बघायचे असतील, फिट्स, पार्किन्सन यात जीव रमत असेल तर जरूर करा, साडेपाच वर्षं जातील. पण नुसता मेंदू आवडतो म्हणून नीटला रिपीटवर रिपीट मारत बसू नका.

आणि बीएस्सी न्यूरोसायन्सच पाहिजे असंही काही नाही. जॉन ओकीफ यांनी उंदराच्या मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी शोधल्या, 2014 चं नोबेल मिळालं, त्यांची पीएचडी सायकॉलॉजीतली.

मला विचाराल तर गणित तेवढं सोडू नका. आमच्या लॅबमध्ये उंदराच्या मेंदूचा 300 मायक्रॉनचा काप, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून पातळ, क्षारांच्या पाण्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत काही तास जिवंत ठेवतात, मग काचेच्या नळीचं मायक्रॉनभर टोक एकाच पेशीला चिकटवायचं आणि करंट मोजायचा. तो पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या लाख कोटीव्या हिश्श्यात, त्यामुळं भिंतीतल्या वायरिंगचा 50 हर्ट्झचा गोंगाट त्याच्यावर चढला की दिवसभराचं रेकॉर्डिंग पाण्यात. अशा वेळी अर्थिंग कुठं गंडलंय ते फिजिक्सवाला पोरगा शोधतो आणि बायोलॉजीचे टॉपर बघत उभे. वर पायथॉनमधलं कोडिंग आहेच. पेशींची नावं काय, नंतर पाठ होतात, लिनिअर अल्जेब्रासारखं गणित तिशीत शिकायला लई जड.

म्हणून अकरावीला मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवा. आयसर या सरकारी विज्ञान संस्थेची पाच वर्षांची बीएस-एमएस डिग्री बघा, पुणं जवळच आहे, त्यांची वेगळी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असते. नाही लागला नंबर तर इथल्या राजाराम कॉलेजला फिजिक्समधनं साधी बीएस्सी करा, तिथनं टीआयएफआर, एनसीबीएस, आयआयएससी या संशोधन संस्थांच्या इंटिग्रेटेड पीएचडीला (बीएस्सीनंतर एमएस्सी-पीएचडी एकत्र) अर्ज टाकता येतो. बीटेकवाल्यांना तर बऱ्याच ठिकाणी थेट पीएचडी.

पोटापाण्याचं म्हणाल (बाबा लोकांचा प्रश्न हाच), तर जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपला, महिना 37,000 मिळतात, घरभाडं वेगळं. पुण्या-मुंबईच्या आयटीशी तुलना करणार असाल तर राहू दे.

पीएचडीचं ठरवण्याआधी देशातल्या सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप मात्र भरा, बीएस्सीच्या पोरांनाही मिळते, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये. आमच्या गल्लीतली एक पोरगी उंदीर हातात घेतला आणि तिथंच नको म्हणाली, आता दुसऱ्यांनी केलेल्या रेकॉर्डिंगचा डेटा बघते, मेंदूचाच.