दीड फुटाचा वाफा

वैशाखातली दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही. कंपाउंडच्या भिंतीवरून मधुमालतीचा झुबका तेवढा लोंबतोय, आणि एकाच झुबक्यात पांढरं, गुलाबी, लाल असं सगळं. काल तिन्हीसांजेला उमललेलं फूल पांढरं, त्याच्या आधीचं गुलाबी, त्याहून जुनं लाल. लहानपणी हे कुणी सांगावं लागत नाही. पडलेल्या फुलांच्या लांब नळ्या एकीत एक गुंतवल्या की सुईदोऱ्याशिवाय वेणी होते, आणि ती करता करता कुठलं फूल ताजं, कुठलं शिळं हे बोटांनाच कळतं. मोठ्यांना मात्र वेगळाच प्रश्न पडतो: एवढ्याशा जागेत ही वाढते कुठं?

वर वाढते. घोळ सगळा तिथेच आहे.

जळगाव-धुळ्याकडच्या प्लॉटच्या घरांना बाग अशी नसते. फरशी घालून उरलेला दीड फुटाचा पट्टा असतो, त्यालाच बाग म्हणायचं. त्यात विटांचे तुकडे, सिमेंटचा मसाला, चुना पुरलेला असतो आणि वर चार घमेली काळी माती पसरून सगळं झाकलेलं. तिथं जाई लावली की वर्षभरात कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक युरिया टाकतात. खोट नत्राची नसतेच, लोहाची असते. मातीत लोह असूनही चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. वाफ्यावर पांढरी खपली धरली की समजावं. दीड-दोन फूट उकरून राडारोडा काढावा आणि दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू अशा मापानं वाफा भरावा. नुसती काळी माती भरली तर पावसात चिखल होऊन मुळं गुदमरतात, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात.

वेल भिंतीला टेकवून लावू नये, फूटभर अलीकडे लावावी. भिंतीच्या बुडाशी पायाचा मसाला असतो, आणि तिथंच रोज पाणी ओतलं तर घरात ओल येते ती वेगळी. एका वेलीला सात-आठ फूट लांबी हवी. पाच फुटांत जाई, मधुमालती आणि कृष्णकमळ अशी तीन लावणारी माणसं असतात. दोन वर्षांनी एकटी मधुमालती उरते.

भिंतीवर आडव्या तारा ओढायच्या, दोन, चार आणि सहा फुटांवर, पण भिंतीपासून चार बोटं सुटून. पश्चिमेची भिंत असेल तर हे हवंच. पारा 45 अंशांना टेकतो त्या दिवसांत भिंत रात्रीपर्यंत धग सोडत असते. मधून वारा खेळला नाही तर पानं मागच्या बाजूनं करपतात. बांधायला नायलॉनची दोरी वापरणाऱ्याला वेलीचं काही कळत नाही, असं माझं पक्कं मत आहे. खोड जाड होतं, दोरी तेवढीच राहते, आणि एक दिवस वरचा सगळा भाग वाळतो. रावेर-यावलच्या मुलखात केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, फुकट मिळतं. ते भिजवून चिरावं आणि तार व खोड यांच्यामध्ये इंग्रजी आठासारखा सैल पेच घालावा. वर्षभरात कुजून पडतं. तोवर त्याचं काम झालेलं असतं.

आणि फांदी आडवी बांधायची. उभी सोडली तर शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, दाबून धरतो. मग फुलं सगळी माथ्यावर, गच्चीवरच्यांना दिसतात, आपल्याला खाली नुसती काटकुळी. आडवी केली की पेरापेरातून फुटवा येतो, आणि फूल या फुटव्यांवरच धरतं.

छाटणीचं पंचांग मात्र प्रत्येक वेलीचं निराळं, आणि फसतात सगळे ते इथंच. जाई आणि मधुमालती नव्या फुटीवर फुलतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा सुरू झाली की जाईचं पाणी तोडत आणावं, संक्रांतीच्या सुमारास छाटावी. तीन-चार मुख्य खोडं ठेवायची, बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या. काप डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरपा घ्यावा. वर लांब खुंट ठेवला तर तो वाळत खाली येतो. मग घमेलंभर शेणखत आणि पाणी. मधुमालतीही त्याच वेळी, जरा निर्दयपणे. तिचे बुडातून येणारे फुटवे कापून भागत नाही, मुळापासून ओढून काढावे लागतात, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात वाफा तिचा.

संक्रांतवेलीचं उलटं. तिचे केशरी झुबके पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांना येतात. इतरांबरोबर तीही पौषात साफ केली की ऐन संक्रांतीत भिंत बोडकी, आणि लोक म्हणतात वेल वांझ निघाली. तिला फुलं झडल्यावरच हात लावावा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी माहेरी येतात, अंगणात झोके बांधले जातात, आणि नेमकं तेव्हाच कुणाला तरी वेल ‘नीट’ करायची हुक्की येते. त्या उन्हात कात्री लावू नये. पानांची सावली गेली की उघडं पडलेलं खोड भाजून तडकतं. तेव्हा एकच करावं, बुडाशी चार बोटं पालापाचोळा किंवा गव्हाचा भुसा घालावा आणि पाणी सकाळी द्यावं. कोवळ्या शेंड्यांवर मुंग्यांची रांग दिसली तर पानामागे पिठ्या ढेकूण असणार. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, थोडा साबण, आणि फवारणी ऊन उतरल्यावर.

छाटणीच्या दिवशी फांद्यांचा ढीग पाहून शेजारपाजारचे काडी मागायला येतात. थंडीत काडी नीट धरत नाही, ती श्रावणात लावावी, कानबाईच्या सणाच्या आगेमागे. म्हणून त्यांना मधुमालतीचा मुळ्यांसकट उपटलेला फुटवा द्यावा. जागा किती आहे विचारलं तर सांगतात, आहे की, दीड फूट. मग तिच्याजवळ दुसरं काही लावू नका, एवढं बजावावं. लावतातच.