काळ्या रंगाचा खुलासा

पोटाच्या विकारांच्या बाह्यरुग्ण विभागात एखादी सकाळ अशी उजाडते की, आलेल्या बहुतेकांना धीर देऊनच परत पाठवायचे असते. त्या दिवशीची सकाळ तशीच होती. आडवे झाले की छातीत जळजळते आणि घशाशी आंबट येते, अशी तक्रार असलेल्या गृहस्थांना मी आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला, वजन थोडे उतरवायला आणि जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवायला सांगितले. त्यांच्यामागून आलेल्या तरुणीचे पोट वर्षभर दुखत होते. पण शौचाला झाले की दुखणे उतरत होते, वजन घटले नव्हते, रात्री दुखण्याने जाग येत नव्हती आणि रक्त व शौचाच्या तपासण्यांत काही दोष नव्हता. आतड्यांच्या हालचालींचा आणि संवेदनशीलतेचा हा विकार त्रास देतो, पण घात करत नाही, हे तिला समजावण्यात माझी वीस मिनिटे गेली. ती वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण नीट समजावून दिलेला धीर हा या विकारात उपचाराचाच भाग असतो. मात्र सलग पाच-सहा जणांना धीर दिला की मनाला तेच वळण पडते आणि पुढच्या रुग्णाकडेही ते त्याच नजरेने पाहू लागते. माझे त्या दिवशी तसे झाले.

पुढच्या रुग्ण 67 वर्षांच्या काकू होत्या. सोबत मुलगा होता आणि बोलतही तोच होता. महिनाभर थकवा, जिना चढताना धाप, पोट जड वाटणे आणि अधूनमधून मळमळ, एवढीच तक्रार. तीन आठवड्यांपूर्वी दुसरीकडे केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन 9.1 आले होते आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. रक्त कमी का झाले, हा प्रश्न त्या कागदांत कुठेच नव्हता. पाळी थांबलेल्या स्त्रीच्या किंवा कोणत्याही वयाच्या पुरुषाच्या शरीरात लोह कमी पडले, तर अन्नमार्गातून कुठेतरी रक्त जात आहे का, हे आधी पाहायचे असते. हे मी विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवले आहे.

मी पोट तपासले. ते मऊ होते, दाबल्यावर फारसे दुखत नव्हते. नाडी 74 आणि नियमित होती. फाइलमध्ये दोन दिवसांपूर्वीचा मूत्रपिंडांच्या कार्याचा अहवाल होता. त्यात युरिया 92 आणि क्रिएटिनिन 0.9 होते. युरिया एवढा वाढलेला पाहून मी “पाणी कमी पिता का?” असे विचारले, त्यांनी होकार दिला आणि माझे समाधान झाले. मग मी शौचाचा रंग विचारला. काकूंनी एकदा मुलाकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “काळाच होतो. पण तो गोळीमुळे. आधीच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं.”

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होते, हे खरे आहे. मी मान डोलावली आणि कागदावर ‘शौच काळे, लोहामुळे’ असे लिहून टाकले. तो कागद आजही मला डोळ्यांपुढे दिसतो.

चूक माझ्या हुशारीने लक्षात आलेली नाही. काकू टेबलावरून उतरून उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात टेबलाची कड शोधू लागला. कड सापडल्यावर त्यांनी ती इतकी घट्ट धरली की बोटांची पेरे पांढरी पडली. क्षणभर त्या डोळे मिटून तशाच उभ्या होत्या. त्यांना पुन्हा आडवे करून मी रक्तदाब मोजला, तो 124 वर 76 होता. मग आधार देऊन उभे केले आणि पुन्हा मोजला. तो 96 वर 60 भरला. एवढा दाब उतरला की नाडी धावायला हवी, पण ती जेमतेम 80 पर्यंत गेली. तेव्हा मी त्यांची रक्तदाबाची गोळी कोणती, ते पाहिले. हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या औषधांपैकी ती होती. ज्या शांत नाडीवर मी विसंबले होते, ती त्या गोळीने शांत ठेवलेली होती.

मुलाला मी बाहेर बसायला सांगितले आणि दार लावून घेतले. काकूंच्या शेजारी स्टूल ओढून तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मात्र रंगावर न थांबता. घट्ट होते की पातळ? चिकट असते का? वास नेहमीचाच येतो का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग एकदम बोलू लागल्या. “डांबरासारखं असतं हो. पाणी सोडलं तरी भांड्याला चिकटून राहतं. आणि वास इतका घाण की दार उघडायची लाज वाटते. मुलासमोर कसं सांगू?” हे किती दिवसांपासून, असे विचारल्यावर त्यांनी हिशेब करून सांगितले की, गोळ्या सुरू व्हायच्या आधीही दोन-तीनदा असे झाले होते.

गुदमार्गाची तपासणी मी तेव्हा केली. ती पहिल्याच वेळी करायला हवी होती. हातमोज्याच्या बोटावर आलेले शौच काळे, चकचकीत आणि ओलसर होते. कापसावर पुसले तेव्हा कडेला लालसर तपकिरी छटा उमटली, आणि त्या वासाबद्दल तर शंकेला जागाच नव्हती. लोहाने काळे झालेले शौच हिरवट झाक असलेले, बांधलेले असते आणि त्याला हा वास नसतो. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला झिरपलेले रक्त आम्लाच्या आणि जिवाणूंच्या तावडीतून खाली येईपर्यंत असे डांबर होऊन येते, आणि त्यासाठी 50 ते 100 मिलिलीटर रक्तही पुरते. त्या वाढलेल्या युरियाचाही अर्थ आता लागला. आतड्यात उतरलेले रक्त म्हणजे प्रथिनेच. ती पचतात आणि रक्तातला युरिया वाढतो, क्रिएटिनिन मात्र जागेवर राहते. पाणी कमी पिण्यावर मी जे ढकलले होते, ते कागदावर छापलेले रक्तस्रावाचे लक्षण होते.

“आणखी कोणती औषधं घेता?” या प्रश्नाला त्यांनी आधी “कोणतीच नाही” असे उत्तर दिले होते. आता मी “गुडघे दुखतात का?” असे विचारले. गुडघे दुखत होते. त्यासाठी पर्समध्ये डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची अर्धी पट्टी होती आणि दोन महिने दिवसातून दोन गोळ्या चालू होत्या. “ते औषध कुठे, ती दुखण्याची गोळी,” असे त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी लपवले होते असे मला वाटत नाही. ज्या गोळीने बरे वाटते आणि जी चिठ्ठीशिवाय मिळते, ती अनेकांच्या हिशेबात औषध नसते. अशा वेदनाशामक गोळ्या ज्या रसायनांची निर्मिती रोखून दुखणे थांबवतात, तीच रसायने जठरात श्लेष्माचा आणि क्षाराचा थर टिकवून ठेवत असतात. तो थर विरळ झाला की जठराचे आम्ल जठरालाच खाऊ लागते. शिवाय वयस्कर माणसांत असे व्रण बऱ्याचदा दुखतच नाहीत, त्यामुळे पोट दुखत नाही याचा आधार घेण्यात अर्थ नसतो.

दुपारी हिमोग्लोबिन आले, 6.8. अशा रुग्णाला घरी पाठवता येईल का, हे ठरवायला ग्लासगो-ब्लॅचफर्ड ही गुणपद्धती वापरतात. तीत 0 किंवा 1 गुण असेल तर घरी जाऊ देता येते. काकूंचे 11 गुण झाले. दोन मोठ्या शिरांतून सलाईन सुरू झाले, आम्लरोधक औषध शिरेतून दिले आणि रक्तगट जुळवून रक्त मागवले. मुलगा दाराशी घुटमळत होता. “आत्ताच दुर्बीण घाला ना, डॉक्टर. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?” त्याची घाई मला समजत होती. पण रक्तदाब सावरायच्या आधी रुग्णाला गुंगी देऊन दुर्बीण घालणे हाच मोठा धोका असतो. हाँगकाँगमध्ये 516 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, पोटतज्ज्ञाला बोलावल्यापासून सहा तासांच्या आत दुर्बीण घातल्याने जास्त जीव वाचले नाहीत. रक्त देतानाही हात राखूनच द्यायचे असते. ते भरमसाट चढवले की नसांतला दाब वाढून थांबलेली जागा पुन्हा वाहू शकते. हे सगळे मी त्याला बाकावर बसवून सांगितले. त्याला पटले की नाही कोण जाणे, पण तो शांत झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दुर्बीण जठरात उतरली. कॉफीच्या चोथ्यासारखे जुने रक्त धुऊन काढल्यावर, जठराच्या वाकणापाशी सुमारे दीड सेंटिमीटरचा व्रण दिसला. तळ पिवळसर पांढरा, कडा सुजलेल्या आणि तळाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा तांबूस उंचवटा. ती उघडी पडलेली रक्तवाहिनी होती. रक्त वाहत नव्हते, पण रक्तस्राव झालेल्या व्रणांच्या, 1974 पासून चालत आलेल्या फॉरेस्ट वर्गीकरणात हा ‘दोन-अ’ वर्ग ठरतो आणि त्याला तसेच सोडले तर पुन्हा रक्तस्राव होण्याची शक्यता मोठी असते. उंचवट्याभोवती चार ठिकाणी पातळ केलेले ॲड्रिनॅलिन टोचले, तशी कड फुगून पांढरी पडली. मग रक्तवाहिनी चिमटून धरणारी पहिली क्लिप बसत असताना पडद्यावर लाल रेघ ओघळली आणि खोलीतले बोलणे थांबले. दुसरी क्लिप शेजारी बसली आणि रेघ आटली. मी पाणी मारून तीन मिनिटे त्या जागेकडे नुसती पाहत बसले. त्यानंतर 72 तास आम्लरोधक औषध शिरेतून चालू राहिले आणि काकूंना पुन्हा रक्तस्राव झाला नाही.

एवढ्यावर कारण सापडले असे म्हणून मोकळे होता आले असते. वेदनाशामक गोळ्या होत्याच आणि जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूसाठी जठराचा तुकडा घेऊन केलेली झटपट चाचणीही नकारार्थी आली होती. पिवळे द्रावण गुलाबी झाले नव्हते. पण आदल्या दिवशी मिळेल तो खुलासा मी दोनदा स्वीकारला होता, तिसऱ्यांदा तसे करायची माझी तयारी नव्हती. ही चाचणी जिवाणूच्या युरिएज या, युरिया तोडणाऱ्या विकरावर चालते, आणि जठरात रक्त असले किंवा आम्लरोधक औषध चालू असले की ती फसवी नकारार्थी येऊ शकते. या जिवाणूचा शोधही असाच हुकता हुकता लागला. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल तो प्रयोगशाळेत वाढवून पाहत होते. दोन दिवसांत काही उगवले नाही की बशा टाकून दिल्या जात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहून गेल्या आणि त्यांवर तो उगवलेला सापडला. या दोघांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्सर हा ताणतणावाचा आणि आम्लाचा आजार मानला जात होता, त्यामुळे त्यामागे जिवाणू असेल हे मानायला फारसे कोणी तयार नव्हते.

मी वेगळे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवले होते. चौथ्या दिवशी विकृतिशास्त्रज्ञांनी मला बोलावून काचपट्टी दाखवली. श्लेष्माच्या थरात वळणदार जिवाणू दिसत होते, थोडेच, पण निःसंशय. मग डायक्लोफेनॅक बंद झाले, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम सुरू झाले, आणि दोन प्रतिजैविके, बिस्मथ व आम्लरोधक अशी चौदा दिवसांची औषधयोजना झाली. या औषधांनी तोंड कडू होते, मळमळते आणि माणसे आठव्या-नवव्या दिवशी गोळ्या सोडून देतात. म्हणून मी काकूंना दर तीन दिवसांनी फोन केला.

आठ आठवड्यांनी दुर्बीण पुन्हा घातली. जठराच्या व्रणाच्या बाबतीत हे टाळता येत नाही, कारण कर्करोगही कधीकधी साध्या व्रणाच्या रूपात बसलेला असतो आणि पहिल्या दिवशी रक्तस्रावापुढे व्रणाच्या कडेचे तुकडे मी घेतले नव्हते. व्रणाच्या जागी फिकट पांढरा, चांदणीसारखा वण होता. तिथले तुकडे निर्दोष निघाले. आम्लरोधक औषध थांबवून दोन आठवड्यांनी श्वासाची चाचणी केली. काकूंनी विशिष्ट कार्बन असलेल्या युरियाचे पाणी प्यायच्या आधी एकदा आणि नंतर अर्ध्या तासाने एकदा पिशवीत श्वास फुंकला. जिवाणू गेलेला होता.

अहवाल घ्यायला त्या मुलाबरोबरच आल्या. हिमोग्लोबिन 11.8 होते आणि लोहाचा साठा भरून निघावा म्हणून लोहाच्या गोळ्या अजून चालूच होत्या. मी प्रश्न विचारण्याआधीच, मुलगा शेजारी बसलेला असताना, नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, “शौच काळंच होतं, डॉक्टर. पण हे गोळीचं काळं. हिरवट असतं, चिकटत नाही आणि वासही तसा नाही.”

मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले. मग मुलाला बाहेर बसायला सांगितले आणि हातमोजा चढवला.