मामा, मेहुणी आणि दूधआत्या

निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात नात्यातल्या लग्नांचा विषय निघाला की ज्याला त्याला दुसऱ्याची रीत विचित्र वाटते. इकडच्या कित्येक कन्नड घरांत थोरल्या बहिणीच्या मुलीवर मामाचा पहिला हक्क मानतात, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तेथे ही सोयरीक मान्य ठेवली आहे. मराठी घरांत मामाची मुलगी सून म्हणून चालते, पण चुलत भावंडांचे लग्न म्हणजे भावकीतच सोयरीक. तिचा विचारही कोणी करत नाही. आम्हा मुसलमानांत चुलत, आते, मामे, मावस यांपैकी कोणाशीही निकाह होऊ शकतो, मात्र मामा-भाचीचा निकाह काही केल्या होऊ शकत नाही. ‘तुमच्यात काय, सगळेच चालते’ असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगितले तर खरे वाटत नाही.

कुराणातील सूरह निसा या अध्यायाच्या 22 ते 24 या आयतींत निषिद्ध नाती सांगितली आहेत. आई, मुलगी, बहीण, आत्या, मावशी, पुतणी व भाची ही रक्ताची. बापाची बायको, सून, सासू व सावत्र मुलगी ही लग्नाने जुळलेली. त्यातही सासू निकाह होताच कायमची निषिद्ध होते, तर सावत्र मुलगी तिच्या आईशी सहवास घडल्यावरच. दोन बहिणी एकाच वेळी एकाच्या निकाहात राहू शकत नाहीत, पण पत्नी वारल्यावर किंवा तलाकनंतर इद्दत, म्हणजे ठराविक प्रतीक्षाकाळ, संपल्यावर तिच्या बहिणीशी निकाह करता येतो. म्हणजे मेहुणी ‘महरम’, म्हणजे निकाहाला कायमची निषिद्ध, नव्हे, तिच्याशी पडदा आहेच. मेहुणीची थट्टा करण्याची इकडची हौस मौलवींना खटकते ती यामुळे.

पत्नी हयात असताना तिच्या बहिणीशी केलेल्या निकाहाचा एक खटला आपल्याच कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. असा निकाह ‘बातिल’, म्हणजे मुळातच शून्य, नसून ‘फासिद’, म्हणजे सदोष, आहे आणि सक्षम न्यायालय तो रद्द ठरवीपर्यंत त्या स्त्रीला पोटगी मिळाली पाहिजे, असा निकाल 2008 मध्ये लागला. नियम मोडणाऱ्यानेच त्या नियमाआड लपून पोटगी चुकवावी, हे मलाही पटणारे नाही.

खरी गुंतागुंत दुधाच्या नात्यात, म्हणजे तान्हेपणी दुसऱ्या बाईचे दूध प्यायल्याने जुळणाऱ्या नात्यात, आहे. रक्ताने जे नाते निषिद्ध होते ते दुधानेही होते, आणि पाजणारी बाई कोणत्या धर्माची आहे याने फरक पडत नाही. आमच्याकडे बहुतेक लोक हनफी या सुन्नी पंथाचे असल्यामुळे मूल दोन वर्षांचे होण्याआधी एकदा पाजले तरी नाते जुळते. कोकणातील व भटकळच्या शाफई पंथाच्या मुसलमानांत त्यासाठी पाच वेळा पाजलेले असावे लागते. आमच्या नात्यातल्या एका घरी चुलत भावंडांची बोलणी सुपारी फोडण्यापर्यंत आली असताना दादीने सांगितले, “हिची आई बाळंतपणात तापाने फणफणली होती, तेव्हा माझ्या शेंडेफळाबरोबर हिलाही मीच पाजले आहे.” त्या एका वाक्याने नियोजित नवरी मुलाच्या बापाची दूधबहीण, पर्यायाने मुलाची आत्या ठरली. हनफी मताप्रमाणे एकट्या बाईची साक्ष पुराव्याला पुरत नाही, परंतु शंका आल्यावर लांब राहणे बरे म्हणून दोन्हीकडच्यांनी बोलणी थांबवली. माझ्या मते त्यांनी योग्यच केले.

दत्तकाच्या बाबतीत हेच दूध उपयोगी पडते. सूरह अहजाबच्या 4 व 5 या आयतींनुसार मानलेला मुलगा पोटचा ठरत नाही, त्याला त्याच्या जन्मदात्याच्या नावानेच ओळखले पाहिजे, आणि वयात आल्यावर सांभाळणाऱ्या आईलाही त्याच्यापासून पडदा करावा लागतो. म्हणून तान्हे मूल घेतले असेल तर काही घरांत मुलाला बायकोची बहीण पाजते व मुलीला नवऱ्याची बहीण. त्यामुळे सांभाळणारी आई मुलाची दूधमावशी होते, सांभाळणारा बाप मुलीचा दूधमामा होतो आणि पडद्याचा प्रश्न मिटतो. वारसाहक्क मात्र दुधाने मिळत नाही. त्यासाठी हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करून द्यावे लागते, नाहीतर मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, करावी लागते.