लग्नात माझा उपवास असतो

मला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं ग्लुटेन हे प्रथिन माझ्या आतड्याला सोसत नाही, हे कळून चार वर्षं झाली. गहू, जव, राय हे सगळं जन्मभर बंद, गोळी वगैरे काही नाही, पथ्य हेच औषध. नातेवाईकांना सांगून सांगून घसा बसला तरी प्रत्येक लग्नात कुणीतरी म्हणतंच, अगं मग पुरी नको खाऊस, भात खा की.

भातच खाल्ला होता हो गेल्या वर्षी एका लग्नात. मसालेभात आणि वर दोन वाट्या मठ्ठा, जिलबीकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि तरी पुढचे तीन दिवस पोटाचा नगारा, बाथरूमच्या फेऱ्या आणि अंगात त्राण नाही. नंतर ट्यूब पेटली, हिंग! आपल्या डबीतल्या हिंगात खरा हिंग थोडासाच, बाकी डिंक आणि बऱ्याचदा मैदा नाहीतर गव्हाचं पीठ. मसालेभातात हिंग, मठ्ठ्यात हिंग, मग काय होणार.

त्यामुळे आता नाशिकला मामेबहिणीच्या लग्नाला गेले तेव्हा हळदीच्या संध्याकाळीच मांडवामागे आचाऱ्यांकडे गेले. दादा, हिंगाचा डबा बघू का जरा? त्यांना वाटलं नवरीकडची बाई माल तपासायला आली, लगेच, ताई एक नंबर हिंग आहे, वास घेऊन बघा! डबा फिरवला, मागे बारीक अक्षरात गव्हाचं पीठ. शेजारच्या कढईत पुऱ्या निघत होत्या आणि त्याच तेलात बेसनाची भजी आणि नागलीचे पापड पडत होते. म्हणजे तेही गेले. नागलीच्या पापडाचं फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन. हे मामीला कसं सांगायचं? तिचं ठरलेलं, चिमूटभरानं काय होतंय.

मग मी सरळ सांगितलं, मामी उद्या गुरुवार, माझा उपवास आहे.

आणि काय जादू! जी बाई चार वर्षं माझा आजार हसण्यावारी नेते तिने सकाळी पातेलं दोनदा घासलं, वेगळा चमचा काढला, भगर आणि दाण्याची आमटी केली, फोडणीला जिरं-मिरची फक्त, उपवासाला हिंग कुठे चालतो आमच्याकडे. भाचा पोळीचा चमचा आमटीत बुडवणार तेवढ्यात ओरडली, हात नको लावूस, उपवासाचं आहे ते! डॉक्टरांनी मला क्रॉस कंटॅमिनेशन समजवायला अर्धा तास घेतला होता, मामीला एका वाक्यात कळलं. फक्त राजगिऱ्याचं पीठ मी नको म्हटलं, गव्हाच्याच गिरणीवर दळून आणलं होतं.

बाकी सगळे सकाळी मिसळ खायला गेले, मी डबा घेऊन हॉलवर. दुपारी पंगतीत वाढपी आला की मी पानावर आडवा हात, उपवास, आणि तो बिचारा मुकाट पुढे. एकानेही आग्रह केला नाही!

रात्री पाठवणी झाली, सगळ्यांचे डोळे सुजलेले, आणि मामीने आतून हाक मारली, चल गं, उपवास सोड, तुझ्यासाठी गरम बट्ट्या तुपात बुडवून ठेवल्यात.

म्हटलं मामी, मी शुक्रवारपण धरते.