सज्ज्यावर न जाणारी सजावट

नागपूरचा शरद ऋतू झाडांकडे पाहून ओळखता येत नाही. पाने तांबूस होऊन गळण्याचा जो देखावा थंड देशांतल्या कॅलेंडरांवर ऑक्टोबर महिन्यासोबत छापलेला असतो, तो आमच्याकडे बराच उशिरा, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान घडतो. पेंचच्या वाटेवरचे सागवान तेव्हा उघडेबोडके होते, कारण इथल्या झाडांना धास्ती असते ती थंडीची नव्हे, तर पुढच्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टंचाईची. ऑक्टोबरात मात्र सगळीकडे हिरवेगार असते. पाऊस साधारण पहिल्या पंधरवड्यात निरोप घेतो, आकाश निळेशार होते, दुपारचे ऊन असे चटकते की पावसाळाभर दमट हवेमुळे निरुपयोगी होऊन खिडकीत नुसताच बसलेला कूलर पुन्हा सुरू करावासा वाटतो, आणि पहाटे मात्र पायाशी पडलेली चादर ओढून घ्यावी लागते.

ऋतू पालटल्याची खरी खूण घराच्या आतच सापडते. आमच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून उन्हाळ्यात ऊन आत येतच नाही, कारण सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस आणि रात्र समसमान होऊन सूर्य दक्षिणेकडे कलू लागला, की उन्हाचा एक अरुंद पट्टा खिडकीखालच्या फरशीवर उतरतो आणि दिवाळीपर्यंत सरकत सरकत दिवाणाच्या पायापर्यंत पोचतो. या पट्ट्याचा एक तोटा असा, की पावसाळ्याच्या अंधुक उजेडात सुखाने नांदत असलेली धूळ त्यात लख्ख दिसू लागते. दसऱ्याआधी घर झाडून काढण्याची प्रथा धर्मशास्त्रात कुठे सांगितली आहे ते पाहण्याची गरज मला तरी कधी वाटली नाही. तिचे कारण दर सकाळी फरशीवर पडलेले असते.

यंदा बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, एका दुकानात केशरी आणि विटकरी रंगाच्या कापडी मेपल पानांच्या माळा टांगलेल्या दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी मुठीएवढे प्लास्टिकचे भोपळे. मी थबकलेली पाहून दुकानदार उत्साहाने म्हणाला, ‘‘ताई, फॉलचं डेकोरेशन आहे. लई चालून राहिलं सध्या.’’ बाहेर रस्त्याच्या कडेला कडुनिंब आणि करंज आपापल्या पूर्ण पर्णसंभारात उभे होते. नागपुरात या दिवसांत कधीही न होणाऱ्या पानगळीची पाने विकत घेऊन ऐन हिरव्या महिन्यात दिवाणखान्यात लावावीत, हा प्रकार मला गमतीचा वाटला. पण मला रोखले ते गमतीने नव्हे. ही माळ दिवाळीनंतर जाणार कुठे, हा प्रश्न मनात आला आणि त्याचे उत्तर मला आधीच ठाऊक होते. ती सज्ज्यावर जाणार.

छताखालच्या अडगळीच्या ज्या जागेला इतरत्र माळा म्हणतात, तिला आमच्याकडे सज्जा म्हणतात. आमच्या सज्ज्यावर गेल्या वर्षापर्यंत जे काही होते, त्याची मोजदाद करण्याची सोय नव्हती, कारण पुढच्या वस्तू काढल्याशिवाय मागच्या दिसत नसत. महालक्ष्म्यांच्या मागे लावायचा जरीचा पडदा होता. प्लास्टिकच्या फुलांच्या माळा होत्या, ज्यांच्या पाकळ्यांच्या खाचांत उदबत्तीचा धूर आणि धूळ मिळून एक चिकट करडा थर बसला होता आणि तो धुऊनही निघत नव्हता. टिकल्या गळालेली तोरणे होती. अर्ध्याच भागात पेटणाऱ्या लायटिंगच्या माळा होत्या. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली, पण त्याआधीचा एक मखर तिथे जुन्या धोतरात गुंडाळलेला होता, कारण तो वापरणे म्हणजे गुन्हा आणि टाकून देणे म्हणजे पाप, अशा पेचात तो वर्षानुवर्षे अडकला होता. या सगळ्या वस्तू एकेकाळी हौसेने आणलेल्या होत्या. त्यांच्यात साम्य एवढेच, की त्या घरात येण्याची तारीख ठरलेली होती आणि जाण्याची ठरलेली नव्हती.

आमच्या सणांची मूळ मांडणी याच्या बरोबर उलट आहे. पोळ्याच्या दिवशी विदर्भात दाराशी पळसाच्या हिरव्या फांद्या ठेवतात; त्यांना मेढे म्हणतात. पळसाचे पान रुंद, जाडसर आणि खरखरीत असते, त्याचे तिन्ही भाग ऐटीत ताठ उभे राहतात, आणि श्रावणाच्या अखेरीस पावसाने ते इतके तजेलदार झालेले असते की त्यावर आणखी कसली सजावट करावीशी वाटू नये. पण दुसऱ्या दिवशी पहाटे हेच मेढे उचलून, ‘‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’’ अशा आरोळ्या देत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. नागपूर शहरात त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठाले पुतळे, निघतात, बरोबर चिंध्या-कागदांचे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, निघतात, ज्यांच्या गळ्यात त्या त्या वर्षीच्या तक्रारींच्या पाट्या अडकवलेल्या असतात, आणि गर्दीने तुडुंब भरलेल्या रस्त्यांवरून फिरून झाल्यावर त्यांचे दहन होते. सजावट काढून टाकण्याचा एवढा गाजावाजा दुसरीकडे कुठे होत असल्यास मला माहीत नाही. लावण्याचा समारंभ सगळेच करतात. आमच्याकडे काढण्याचाही समारंभ होतो, आणि तो अधिक जोरात होतो.

पुढचे सणही तसेच. महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. त्यांना चौथ्या दिवशी थांबवून घेण्याची कुणाची छाती नाही. भुलाबाई भाद्रपदी पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते. नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीतून आणलेल्या तिच्या आणि भुलोजीच्या मातीच्या मूर्तींवर ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा करीत, आणि गाणी, खिरापत, जागरण हे सगळे आटोपले की तो मखर गाईपुढे जात असे. सासूबाईंच्या माहेरी, वर्धेकडच्या खेड्यात, धांडा परसातून तोडून आणण्याइतका जवळ होता. आता त्या बाजूला सोयाबीन आणि कापूसच फार. ज्वारीचे शेत शोधावे लागते, तेव्हा शहरातल्या मुलींना धांडा मिळणे दूरच. मखर थर्माकोलचा झाला त्याला केवळ आपली हौस कारणीभूत नाही, पीकपद्धतीही आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

या दिवसांतली मला सर्वांत आवडणारी सजावट विकत मिळत नाही, ती उगवावी लागते. घटस्थापनेला आम्ही पत्रावळीवर काळ्या मातीचा थर पसरून त्यात गहू पेरतो, मध्ये घट ठेवतो आणि वरून रोज एक माळ सोडतो. पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मातीला बारीक भेगा पडतात आणि त्यांतून पांढरी टोके डोकावतात; पाचव्या-सहाव्या दिवशी पाहावे तर बोटभर उंचीचे अंकुर एकमेकांना टेकून उभे असतात, सकाळी प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा एकेक थेंब असतो, आणि त्यांचा रंग हिरवा नव्हे तर फिकट पिवळा असतो. देवघराच्या कोपऱ्यात उजेड पुरेसा नसतो. उजेडावाचून पानात हरितद्रव्य तयार होत नाही, आणि अंकुर उजेडाच्या शोधात भराभर लांब वाढत जातो, म्हणून हा कोवळा सोनसळी रंग आणि हा नाजूक शेलाटेपणा. खिडकीत ठेवले असते तर तेच गहू बुटके आणि हिरवे झाले असते. दसऱ्याला हे धन उपटून पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात, उरलेले कुंडीत जाते, आणि संध्याकाळी त्या जागी पुसलेली फरशी तेवढी असते.

गेल्या वर्षी सासूबाई आणि मी मिळून सज्जा रिकामा केला तेव्हा फार तत्त्वे ठरवली नव्हती. प्रत्येक वस्तू हातात घेऊन, ‘‘ही काढायची कधी?’’ एवढेच एकमेकींना विचारले. महालक्ष्म्यांचे मुखवटे अर्थातच राहिले. ते तीन दिवसांचे पाहुणे असले तरी घरच्यांच्यापेक्षा जुने आहेत. समई, पितळी तबक आणि जरीचा पडदाही राहिला. विजेच्या माळांपैकी ज्या पूर्ण पेटतात त्या ठेवल्या, कारण एलईडीची माळ वीज थोडी खाते आणि वर्षानुवर्षे चालते, आणि साधेपणाच्या नावाखाली चालती वस्तू फेकून देणे हा मला उधळपट्टीचाच प्रकार वाटतो. प्लास्टिकच्या फुलांना मात्र निरोप दिला. सासूबाईंनी त्यांतली एक माळ पुन्हा पिशवीबाहेर काढली, उजेडात धरली, ‘‘इतवारीतून किती घासाघीस करून आणली होती गं,’’ असे म्हणाल्या आणि परत आत ठेवली.

त्यानंतर दारावर झेंडूच आला. सीताबर्डीच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडूचे ढीग लागतात, आणि त्या दिवशीचा भाव पहाटे एक, दुपारी दुसरा आणि संध्याकाळी तिसरा असतो. झेंडूला आपण अगदी घरचा, परंपरेचा मानतो; वास्तविक तो मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोच्या बाजूचा, युरोपियनांच्या जहाजांबरोबर इकडे आलेला. मेपलच्या पानाला हसणाऱ्या मला हे मान्य करावे लागते, की परकेपणा हा काही दोष नव्हे. झेंडू इथल्या मातीत रुजला, इथे सुकतो आणि सुकलेल्या फुलाच्या देठाकडच्या काळ्या काड्या कुंडीत टाकल्या तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवतो. कापडी पानाकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. शेवंती त्याच्या मागोमाग येते. रात्री लांबत गेल्याशिवाय तिला कळ्याच धरत नाहीत, त्यामुळे बाजारात शेवंतीचे ढीग वाढू लागले, की दिवस लहान झाल्याचे पंचांग न उघडता कळते.

अर्थात, सुकून जाणारे ते सगळे निर्दोष, असेही नाही. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून रस्त्याकडेला ढीग घातले जातात, त्यांत कितीतरी पाने आपट्याची नसून कांचनाची असतात, आणि दुसऱ्या दिवशी हे सगळे सोने नालीत पडलेले असते. एवढ्यासाठी एक झाड बोडके करणे मला पटत नाही. आम्ही आता घरातल्या प्रत्येकासाठी एकेक पान घेतो आणि तेच सगळ्यांना दाखवून, ‘‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा,’’ म्हणतो. काही नातेवाइकांना हा चक्क कंजूषपणा वाटला आहे, आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले आहे.

आमच्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या घरी दसऱ्याची मांडणी पाहिली, की आपण अजून बरेच काही कमी करू शकू असे वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली, त्या दिवसाची आठवण म्हणून त्यांच्याकडे दारात पंचशील ध्वज असतो. आत पांढरे स्वच्छ वस्त्र अंथरलेल्या मेजावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचे छायाचित्र आणि मेणबत्त्या असतात. बस. दूरदूरच्या गावांहून आलेले त्यांचे पाहुणे दीक्षाभूमीवर जाऊन येतात आणि परतताना तिथल्या दुकानांतून घेतलेली पुस्तके पिशव्या भरभरून नेतात. सणानंतर घरात साठत जाणारी वस्तू असायचीच असेल, तर ती पुस्तक असावी, याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

यंदा मी दिवाणखान्यातल्या तिपाईवर एक कोहळे आणून ठेवले. कोहळे म्हणजे आमच्याकडचा लाल भोपळा. बर्डीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या भोपळ्याचा हा थोरला भाऊ, पाठीवर फिकट हिरव्या पट्ट्यांचा आणि देठाशी खडबडीत. न चिरलेले कोहळे कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे ते ऐटीत बसून राहते, आणि त्याच्या शेजारी परडीत कधी शिंगाडे, कधी सीताफळे, आणि पुढे आंबिया बहाराची पहिली हिरवट-पिवळी संत्री येऊन बसतात. परडी भरते आणि रिकामी होते. तिची आरास बदलण्याचे काम येता-जाता हात मारणारे लोक आपण होऊन करतात. दिवाळी झाल्यावर एका रविवारी कोहळ्यावर सुरी चालली, अर्ध्याचे गूळ-कणीक घालून बोंड तळले गेले, अर्ध्याची भाजी झाली, आणि बिया खिडकीतल्या त्या उन्हात वाळत पडल्या. आकाशकंदील यंदा मुलीने बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणून स्वतः केला. तो थोडा वाकडा झाला आणि एका अवेळी आलेल्या सरीत भिजून फाटला, तेव्हा त्याच्या सांगाड्यात तिने विजेची माळ गुंडाळून दिली आणि तो पहिल्यापेक्षा बरा दिसू लागला.

तुळशीच्या लग्नापर्यंत हे असे चालते. वृंदावनाला उसाचा मांडव, त्यात बोरे, आवळे आणि चिंचा, एवढा थाट इमारतीच्या अंगणात सगळ्यांनी मिळून केला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन पाहिले तर मांडवाचे चारही ऊस मुलांनी केव्हाच पळवले होते आणि पाण्याच्या टाकीमागे बसून सोलून खाणे चालू होते. चिंचाही त्यांच्याच खिशात गेल्या असाव्यात. खाली राहिली होती ती ऊस बांधलेली सुतळी. ‘‘पुढच्या वर्षी लागेल नं,’’ असे म्हणून सासूबाईंनी ती व्यवस्थित गुंडाळली आणि वर नेऊन मुखवट्यांच्या पेटीशेजारी ठेवून दिली.